मॅट ताणायची रीत

मला ती पोरं आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. पुढं वाचताना कुणाचा गैरसमज व्हायला नको. चौदा पोरं होती, तेरा ते पंधरा वर्षांची, सगळी आमच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची. त्यातली निम्मी उरलेल्या निम्म्यांना पाण्यात पाहायची, आणि माझ्यावर सगळीच खार खाऊन असायची.

मी तेव्हा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर होतो. टेंपररी. सात महिने भरले की ब्रेक मिळायचा. मग पिशोरजवळच्या आमच्या गावी जायचं, बापाच्या मेंढरांमागं फिरायचं, आणि ब्रेक संपला की परत येऊन गेटवर उभं राहायचं. कॉलेजात मी विकेटकीपर होतो, ही बातमी कुणीतरी साहेबांच्या कानावर घातली. साहेब म्हणजे आमचे कामगार अधिकारी. टेंपररी माणसाला पर्मनंट करायचा कागद त्यांच्याच टेबलावरून पुढं जायचा. त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "वसाहतीतल्या कारखान्यांची टुर्नामेंट आहे, कामगारांच्या मुलांची. आपली टीम तयार करा. चार महिने आहेत. टीम नीट झाली तर तुमचंही बघू."

'तुमचंही बघू' या दोन शब्दांवर मी ते चार महिने काढले. पोरांना क्रिकेट शिकवायची हौस वगैरे मला काही नव्हती.

ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून मराठवाड्यात माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती. खेड्यांत घरं जळाली होती. ज्यांची जळाली त्यातले काहीजण शहरात आले आणि नव्या कारखान्यांत लागले. ज्यांच्या भावकीनं आग लावली किंवा लागताना बघितली, त्यांचीही पोरं शेती भावाच्या हवाली करून त्याच कारखान्यांत लागली. पाळी बदलताना एकानं मशीन सोडायचं आणि दुसऱ्यानं धरायचं, पण मान वर करायची नाही. कँटीनमध्ये कुणी पाटी लावली नव्हती, तरी टेबलं वाटली गेली होती. कारखान्यामागच्या मैदानाच्या भिंतीवर निळ्या रंगात नामांतराची घोषणा होती. तिच्यावर कुणीतरी डांबर फासलं. आठ दिवसांत त्याच डांबरावर तीच घोषणा आणखी मोठ्या अक्षरांत आली. आमची पोरं त्या भिंतीवर चेंडू मारून कॅचची प्रॅक्टिस करायची.

घरात जे ऐकायची ते इथं आणून ओतायची. कव्हरला उभा असलेला पोरगा चेंडू अडवायचा, बोलर चार पावलांवर हात पुढं करून उभा असायचा, पण हा चेंडू फेकायचा लांब विकेटकीपरकडं. का, तर बोलर 'त्यांच्यातला'. तो चेंडू कीपरच्या डोक्यावरून जायचा, चार रन जायचे, आणि मग एकमेकांच्या आईबापांचा उद्धार सुरू. शिवाय चहाड्या होत्याच. ह्याच्या गटातला येऊन त्याचं सांगायचा, त्याच्या गटातला येऊन ह्याचं सांगायचा. आणि दोन्ही गट मला एकच विचारायचे, "सर, तुम्ही कुणाकडून?"

मी म्हणायचो, "मी मेंढरांकडून."

पोरं हसायची. मला त्या उत्तराचा अभिमान होता. मेंढपाळाचं पोर मी. वाड्यावरच्या पंगतीत आमचं पान कधी नव्हतं आणि मोर्चातही आमची जागा नव्हती. भांडण त्या दोघांचं, मी मधला. मधल्या माणसाला न्याय बरोबर कळतो, असं मला मनापासून वाटायचं.

त्यातल्या दोघांबद्दल सांगायला हवं. एक साहेबांचाच मुलगा. मूळ घर पैठणकडचं, मोठी बागायत, आता शहरात बंगला. हा आमचा ओपनर. हात अगदी देखणे, पण चेंडू टप्पा घ्यायच्या आत ह्याचे पाय लेगला पळालेले असायचे. भित्रा होता. पॅड मात्र नवेकोरे. दुसरा, फाउंड्रीतल्या एका हेल्परचा मुलगा. त्यांचं गावातलं घर जळालं तेव्हा हा आईच्या कडेवर होता. बाप प्रत्येक मोर्चात पुढं, दोनदा आत जाऊन आलेला. हा पोरगा अनवाणी पळत येऊन फास्ट टाकायचा, आणि त्याची जीभ चेंडूपेक्षा फास्ट होती. पहिल्याच दिवशी ओपनर बाजूला सरकला तेव्हा हा म्हणाला, "जा, पप्पाला बोलव. पप्पा खेळंल तुझ्यावाटचं." ओपनरनं त्याला काय उत्तर दिलं ते मी लिहीत नाही. जातीवरून होतं. मी दोघांच्या कानाखाली एकेक वाजवली. एकाच जोराच्या. मधला माणूस ना मी!

आमच्या मैदानावर गवताची खेळपट्टी नव्हती. मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवायचा आणि त्यावर काथ्याची मॅट अंथरायची. मॅट म्हणजे काय चीज असते हे ज्यानं ती खांद्यावर घेतली नाही त्याला कळायचं नाही. गुंडाळलेली मॅट सहा पोरांना उचलत नसे. काथ्या मानेला आणि हाताला टोचायचा. ती उलगडायची, एका टोकाला लांब खिळे ठोकायचे, मग दुसऱ्या टोकाकडून सगळ्यांनी ओढायची. त्यानंतर दोन्ही बाजूंनी ताणत ताणत कडेला खिळे ठोकत जायचं. कुठं जरी ढील राहिली तर मॅटला चुणी पडते. चेंडू चुणीवर पडला की सरळ तोंडाकडं येतो. हेल्मेट तेव्हा आम्ही फक्त फोटोत बघितलं होतं.

तर एका संध्याकाळी पोरांनी मॅट अंथरली आणि ती अर्धा हात तिरकी बसली. का, तर एक गट एका बाजूला, दुसरा गट दुसऱ्या बाजूला, आणि ज्या बाजूला दांडगी पोरं जास्त होती त्यांनी ती आपल्याकडं खेचून नेली. वर जिंकल्यासारखी ओरडली. माझं डोकं फिरलं. मी हातोडी जमिनीवर आपटली आणि जोड्या लावल्या. प्रत्येक खिळ्यावर दोघं, समोरासमोर, एक ह्यांच्यातला आणि एक त्यांच्यातला. शिक्षा म्हणूनच लावल्या. ओपनरच्या समोर मी मुद्दाम तो बोलर उभा केला.

"लई राग आहे ना एकमेकांचा?" मी ओरडलो. "मग ओढा! जीव जाईस्तोवर ओढा. पण सारखं ओढा."

यात काही थोर विचार नव्हता. आमच्याकडं मेंढरू कातरताना दोघं लागतात. एकानं पुढचे पाय धरायचे, एकानं मागचे. त्या दोघांचं पटतं की नाही हे कुणी विचारत नाही, पण एकानं ढिलं सोडलं की कातर कातड्यात जाते. मॅटचंही तसंच होतं. एकानं खिळा धरून हातोडी मारायची, तेवढा वेळ समोरच्यानं मॅट ताणून ठेवायची. त्यानं सोडली की मॅट सटकते, खिळा वाकतो आणि हातोडी बोटावर बसते.

पहिल्या दिवशी बोलरनं मुद्दाम ढील दिली. ओपनरचा अंगठा काळानिळा झाला. दुसऱ्या दिवशी ओपनरनं दिली. बोलरचं बोट सुजलं. तिसऱ्या दिवशी एकाला बॅट धरता येईना आणि दुसऱ्याला चेंडू, म्हणून दोघं बाउंड्रीवर एकमेकांकडं पाठ करून बसले, आणि बाकीच्यांनी मॅच खेळली. मी त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही. चौथ्या दिवसापासून दोघं मॅट नीट ताणायला लागले. आपल्या बोटांसाठी ताणत होते, दुसऱ्याच्या नव्हे. मला तेवढं पुरेसं होतं.

मग हळूहळू त्यांच्यात तीन-चार शब्द सुरू झाले. "धर." "ताण." "सोड." "ठोक आता." मॅटपुरतेच. महिनाभरानं तेच शब्द खेळात शिरले. कव्हरच्या पोरानं चेंडू अडवला आणि जवळच्या बोलरला "धर" म्हणून फेकला. मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर त्याला आठवलं असतं की आपलं ठरलेलं वैर आहे. चहाड्या मात्र बंद झाल्या. आता पोरं एकत्र बसून मलाच शिव्या घालायची. "मेंढरं हाकलतो तसं हाकलतंय आम्हाला," हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ऐकून बरं वाटलं.

ओपनरचे पाय तेवढे थांबत नव्हते. मी ओरडून बघितलं, त्याच्या पायामागं विटा रचून बघितल्या, लाज काढून बघितली. एका संध्याकाळी बोलर रनअपवरून चालत चालत थेट त्याच्याजवळ गेला. मला वाटलं आता हाणामारी. पण तो म्हणाला, "कामून पळतो रे?"

"लागंल."

"कसं लागंल? मॅट कुणी ताणली? तू अन् मीच ना? चुणी हाय का कुठं? दाव."

ओपनरनं मॅटकडं बघितलं. चुणी नव्हती.

"मग उडणार नाय. गुडघ्याच्या वर आला तर मला बोल. पाय पुढं टाक."

पुढचा चेंडू त्यानं फास्ट टाकला, जरासुद्धा दया न करता. ओपनरचा पाय पुढं आला. बॅट सरळ आली. चेंडू बोलरच्या बाजूनं परत गेला. बोलर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "एवढंच होतं बे." दोस्ती झाली नाही त्यांची. त्यानंतरही डबे वेगळेच खाल्ले त्यांनी. पण ओपनर त्या दिवसापासून पळाला नाही. मला आनंद झाला, फार झाला. इतका, की मी उगाच तिसऱ्याच एका पोरावर खेकसलो.

टुर्नामेंटच्या आदल्या रविवारी साहेबांनी टीम बघायला येतो म्हणून कळवलं. सोबत मोठ्या साहेबांना आणणार होते. सराव सामना ठेवायचा, सकाळी नऊला. माझा ब्रेक पुढच्या आठवड्यात होता. ब्रेक घ्यायचा की कागद मिळायचा, ते त्या सकाळी ठरणार होतं, हे मला न सांगता कळत होतं.

मी पहाटेच औरंगपुऱ्यातल्या माझ्या खोलीवरून सायकलनं निघालो. पोरं वेळेवर आली, मॅट ताणायला लागली, पण पोरं ती पोरंच, मध्येच कुणाचं तरी काही निघालं आणि तोंडातोंडी सुरू झाली. तेवढ्यात वॉचमन सांगत आला की साहेब गेटवर आलेत. मी पोरांना शिव्या दिल्या, मैदानाला पाच फेऱ्या मारायला पिटाळलं, आणि भिंतीकडच्या टोकाचे उरलेले चार खिळे स्वतःच ठोकायला बसलो. समोरून ताणायला कुणी नव्हतं. मी एका हातानं मॅट ओढली आणि दुसऱ्या हातानं हातोडी मारली. तिथं रात्री पाणी मारायचं राहिलं होतं, मुरूम दगडासारखा झाला होता. दोन खिळे अर्धेच गेले. मी ते बुटानं दाबले. दबले नाहीत. जाऊ दे, म्हटलं.

फेऱ्या मारून पोरं आली. बोलरची नजर मॅटच्या त्या कडेवर गेली. "सर, तिकडं ढिलं वाटतंय. आम्ही दोघं बघू का?"

"तू तुझी बोलिंग बघ," मी म्हणालो. "मला शिकवू नको."

साहेब खुर्चीवर येऊन बसले, शेजारी मोठे साहेब. पहिला अर्धा तास फार छान गेला. ओपनर भिंतीकडच्या टोकाला खेळत होता. पाय पुढं, डोकं खाली, असा की बघत राहावं. साहेबांनी मान हलवली. मोठ्या साहेबांना काहीतरी म्हणाले आणि माझ्याकडं बघून हसले. मी मनातल्या मनात पर्मनंट झालो.

मग बोलर पळत आला. टप्पा नेहमीचा, चांगल्या लेंग्थवर. ओपनरनं शिकवल्याप्रमाणं पाय पुढं टाकला, चेंडूवर वाकला. आणि चेंडू गुडघ्याच्या, कमरेच्या, छातीच्या वर आला आणि त्याच्या तोंडावर आदळला. आवाज खुर्चीपर्यंत ऐकू गेला. वरचा ओठ फाटला होता, एक दात मॅटवर पडला होता. पूर्वीसारखा पळाला असता तर काही झालं नसतं. न पळायला आम्ही त्याला शिकवलं होतं.

साहेब धावत आले. आधी मुलाला बघितलं, मग मॅटकडं. चुणी वीतभर उभी राहिली होती आणि तिच्या कडेला दोन खिळे उपटून आडवे पडले होते. साहेबांनी बोलरची कॉलर धरली.

"मुद्दाम केलं ना? खिळे ढिले ठेवून बरोबर तिथंच टाकला! तुमच्या मनात काय आहे ते मला समजत नाही का?"

बोलरनं माझ्याकडं बघितलं. सगळ्या पोरांनी माझ्याकडं बघितलं. फेऱ्या मारताना प्रत्येकानं मला तिथं उकिडवं बसून हातोडी मारताना पाहिलं होतं.

साहेब माझ्याकडं वळले. "काय हो, हे खिळे कुणी ठोकले?"

मला फक्त 'मी' म्हणायचं होतं. तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांपुढं गेट आलं, ब्रेक आला, बापाची मेंढरं आली. आणि मी म्हणालो, "मॅट मुलंच लावतात, साहेब. रोज."

खोटं नव्हतं ते. मुलंच लावायची, रोज. इतकं सफाईदार वाक्य मला कसं सुचलं याची मला आजही किळस येते.

"म्हणजे यानंच," साहेब म्हणाले. "उद्यापासून हा पोरगा मैदानात दिसता कामा नये. आणि याच्या बापाचं काय करायचं तेही बघतो मी. फार मोर्चे काढतो."

एरवी ज्याची जीभ थांबत नसे तो पोरगा माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. मी माझ्या बुटांकडं बघत होतो. मी अजूनही बोलू शकलो असतो. नाही बोललो.

तेवढ्यात खाली बसलेला ओपनर उठला. तोंडाला लावलेला रुमाल लाल झाला होता. शब्द नीट येत नव्हते. "पप्पा, ते खिळे मी ठोकले."

"तू?"

"तिथं माझी जागा असते. रोज मीच ठोकतो."

साहेबांची कॉलरवरची पकड सैल झाली. बोलरनं कॉलर सोडवून घेतली, ओपनरकडं एकदा रागानं बघितलं, जणू त्यानं काही हिसकावून घेतलं होतं, आणि म्हणाला, "समोरून मी ताणत होतो. ढील माझ्याकडून राहिली. काय करायचं ते दोघांना करा."

दोघांना काय करणार? एकजण स्वतःचाच मुलगा होता. साहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग "जीपमध्ये बस" एवढंच मुलाला म्हणाले आणि चालू लागले. बोलर टीममध्ये राहिला, त्याचा बाप कामावर राहिला. बाकीच्या बारा पोरांपैकी एकानंही माझं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं. त्यांनी माझी कीव केली की मला मोजलंच नाही, ते मला कधी कळलं नाही.

तीन दिवसांनी मला पर्मनंटचा कागद मिळाला. साहेब म्हणाले, "पोरांत शिस्त आणली तुम्ही. एकमेकांना धरून राहतात." मी थँक्यू म्हटलं. पुढं त्याच कारखान्यात मी रिटायर होईपर्यंत राहिलो.

रविवारी टुर्नामेंटचा पहिला सामना होता. मी सकाळी मैदानावर पोहोचलो तेव्हा पोरांनी मॅट उलगडली होती. जोड्या आपापल्या जागी समोरासमोर उभ्या होत्या. ओपनरच्या ओठावर टाके होते, डॉक्टरांनी खेळू नको म्हटलं होतं, तरी तो त्याच्या खिळ्याजवळ बसला होता, समोर बोलर. मुरूम रात्रीच भिजवून ठेवलेला दिसत होता. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी पुढं गेलो आणि मॅटची कड धरायला वाकलो. बोलरनं कड माझ्या हातातून काढून घेतली. जोरानं नाही, हळूच.

"राहू द्या, सर," तो म्हणाला. "आमचं आम्ही करतो. तुम्ही तिकडं खुर्चीवर बसा, साहेबांच्या शेजारी."

ओपनरनं मान वर केली नाही. "ताण," तो टाके सांभाळत म्हणाला. बोलरनं ताणलं. हातोडी पडू लागली.

मी जाऊन खुर्चीवर बसलो.